तीन हजारांच्या आतले गेमिंग इअरफोन : पावले ऐकू येतात का?

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी भाच्याने भेट मागितली ती अगदी मोजक्या शब्दांत : ‘मामा, साधे नकोत, गेमिंगचे इअरबड्स पाहिजेत.’ साध्यांत आणि गेमिंगच्यांत फरक कोणता, असे विचारल्यावर त्याने जाहिरातीतली ओळच म्हणून दाखवली : चाळीस मिलिसेकंद लेटन्सी, तेरा मिलिमीटरचे ड्रायव्हर (म्हणजे आत आवाज काढणारे चिमुकले भोंगे), चार माइक, सराउंड आवाज. मी स्वतः सप्टेंबर २०२० मध्ये बंदी येईपर्यंत पबजी हा फोनवरचा गोळीबाराचा खेळ आणि जुलै २०२१ मध्ये त्याचीच भारतीय आवृत्ती बीजीएमआय आल्यापासून ती, असे रात्रीच्या जेवणानंतर एक-दोन डाव खेळत आलेलो असल्यामुळे, या शब्दांतले कानापर्यंत किती पोहोचते आणि खोक्यावरच किती राहते, हे भेट देण्याआधी एकदा नीट पाहावे असे ठरवले. एका जोडीच्या चार जोड्या झाल्या त्या अशा.

तीन जोड्या लॅमिंग्टन रोडवर घेतल्या आणि एक ऑनलाइन मागवली. ग्रँट रोड स्थानकापासून चालत जाण्याइतका जवळ असलेला हा रस्ता पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण इलेक्ट्रॉनिक्सची वस्तू घ्यायला निघालेला माणूस तो शब्द कधी उच्चारत नाही. तिथला नियम सरळ आहे : दुकानदार खोके उघडून, फोनला जोडून, दिवे लागलेले दाखवतो, पण कानात घालू देत नाही, आणि दुसऱ्याच्या कानातून निघालेली वस्तू आपण तरी घेऊ का, असा विचार केला तर त्यात त्याचे काही चुकत नाही. परिणामी कानात घालायची वस्तू कानात न घालताच विकत घ्यावी लागते, आणि ‘वॉरंटी कंपनीची, दुकानाची नाही’ हे वाक्य बिलाबरोबर फुकट मिळते.

पहिली जोडी बिनतारी, १,२९९ रुपयांची. तिच्या खोक्यावर छापील किंमत ४,९९० रुपये होती, त्यामुळे घेणाऱ्याला आपण पावणेचार हजार वाचवल्याचे समाधान आपोआप मिळते. दुसरीही बिनतारी, २,९९९ रुपयांची, पण तिच्यासोबत फोनच्या यूएसबी-सी खाचेत बसवायचा एक छोटा डोंगल येतो. तिसरी वायरची, ७९९ रुपयांची, गालापर्यंत येणाऱ्या दांडीवर माइक असलेली. चौथीही वायरचीच, १,५९९ रुपयांची, आणि तिच्या खोक्यावर गेमिंग हा शब्द कुठेच नाही. रंगमंचावरचे गायक-वादक कानात घालतात त्या घाटाची, म्हणजे सध्या ज्यांना आयईएम म्हणतात त्यांतली ती आहे. नावे मुद्दाम देत नाही. या किमतीत एकच साचा दोन-तीन नावांनी विकला जातो आणि दिवाळीत पाहिलेले मॉडेल होळीपर्यंत दुकानातून गेलेले असते, त्यामुळे नावापेक्षा जातकुळी ओळखलेली बरी.

पहिल्या जोडीची डबी कोपरे तासलेली, काळी, आणि झाकणावरचा हिरवा दिवा श्वास घेतल्यासारखा मंद-प्रखर होणारा. कानाबाहेर राहणाऱ्या दांड्यांवरही दिवे आहेत. ते घालणाऱ्याला कधीच दिसत नाहीत. लोकलमध्ये समोरच्या बाकावर बसलेल्याला मात्र सँडहर्स्ट रोडपासून ठाण्यापर्यंत दिसत राहतात. बॅटरी त्यांनाही लागतेच. सुदैवाने ते अॅपमधून बंद करता येतात, आणि मी ते पहिल्याच दिवशी केले.

आता लेटन्सी, म्हणजे पडद्यावर घडलेली गोष्ट कानात किती उशिरा पोहोचते ते. साध्या ब्लूटूथवर हा उशीर दीडशे ते अडीचशे मिलिसेकंदांच्या घरात असतो. सिनेमा पाहताना तो जाणवत नाही, कारण पुढची चित्रे आधीच तयार असल्यामुळे अॅपला चित्रच तेवढे थांबवून धरता येते. खेळात ती सोय नाही; तुम्ही बोट टेकवल्याशिवाय गोळी सुटत नाही आणि ती सुटण्याआधी तिचा आवाज अस्तित्वातच नसतो. सेकंदाला साठ चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, म्हणजे दोनशे मिलिसेकंदांत बारा चित्रे निघून जातात. दरवाज्याआडून कोणी धावत येत असेल, तर तो आत आल्यावर त्याची पावले ऐकू येतात.

हे घरच्या घरी मोजता येते. खेळणाऱ्या फोनवर गोळीचे बटण नखाने टक् असे वाजवायचे, इअरबड दुसऱ्या फोनच्या माइकला चिकटवून ठेवायचे आणि दोन्ही आवाज एकाच रेकॉर्डिंगमध्ये घ्यायचे. ते रेकॉर्डिंग संगणकावर ऑडेसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले की नखाचा एक आणि गोळीचा एक, असे दोन सुळके दिसतात. त्यांमधले अंतर हाच उशीर. फोन स्वतःही त्यातला काही वेळ खात असल्यामुळे वायरच्या जोडीवर आलेला आकडा बाकीच्या आकड्यांतून वजा करावा लागतो. तसा वजा केल्यावर पहिल्या जोडीचा उशीर नेहमीच्या स्थितीत सुमारे दोनशे मिलिसेकंद आला आणि गेम मोड लावल्यावर नव्वदच्या आसपास. खोक्यावरचे चाळीस कुठून कुठपर्यंत मोजले होते, हे खोक्यावर लिहिलेले नव्हते. तरीही दोनशेवरून नव्वद ही सुधारणा खरी आहे आणि खेळताना ती कळते. दुसरी जोडी डोंगलवर तीसच्या आसपास राहिली, आणि तेवढा उशीर माझ्या वयाच्या बोटांना तरी ओळखता आला नाही.

गेम मोड म्हणजे जादू नव्हे. आमच्या चाळीत नळाला पाणी ठरावीक वेळीच येते आणि दिवसभर पिंपावर निभवावे लागते. बिनतारी इअरबडमध्येही असेच एक पिंप असते : फोनकडून आलेला आवाज थोडा साठवून मग वाजवला जातो, म्हणजे मध्येच लहरी अडल्या तरी आवाज तुटत नाही. त्या साठ्यालाच बफर म्हणतात, आणि आवाज त्यात जितका वेळ थांबतो तितका उशीर होतो. गेम मोड हे पिंप लहान करतो. आवाज लवकर येतो, पण नळ क्षणभर गेला तरी पिंप कोरडे. ब्लूटूथ आणि वाय-फाय दोघेही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वावरतात, आणि संध्याकाळी सात वाजता दादरच्या पुलावर त्या पट्ट्यात किती फोन, किती घड्याळे आणि किती इअरबड्स एकाच वेळी बोलत असतील याचा हिशेब न केलेलाच बरा. तिथे गेम मोडमध्ये पहिल्या जोडीचा आवाज दर काही सेकंदांनी तुटत होता. मोड बंद केला की तोच आवाज सलग. घरी, रात्री अकरानंतर, दोन्ही स्थितींत तक्रार नव्हती. जिथे गर्दी तिथे गेम मोडचा उपयोग कमी, हे खोक्यावर कोणी छापणार नाही, पण मुंबईत खेळणाऱ्याने ते धरून चालावे.

या सगळ्याहून मोठी अडचण मात्र लेटन्सीची नाहीच. ती माइकची आहे, आणि दुकानात दहा मिनिटे उभे राहून ती कधीही लक्षात येत नाही.

ब्लूटूथवर ऐकण्याची वाट वेगळी आणि बोलण्याची वाट वेगळी. गाणी ज्या वाटेने येतात ती ए२डीपी. तिच्यावर आवाज स्टिरिओ आणि भरलेला असतो, पण माइकला जागा नसते. फोनवरच्या संभाषणाची वाट एचएफपी. तिच्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते, पण आवाज मोनो होतो आणि सेकंदाला सहसा ८,००० किंवा फार तर १६,००० नमुन्यांवर येतो, म्हणजे अनुक्रमे ४,००० किंवा ८,००० हर्ट्झच्या वरचे सगळे कापले जाते. चौघांचा स्क्वॉड करून खेळताना गेममधला माइक चालू केला की फोन निमूटपणे पहिल्या वाटेवरून दुसरीवर जातो. पहिल्या जोडीवर हे घडले तेव्हा भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता : एका क्षणी डावीकडच्या गवतात सळसळ ऐकू येत होती, आणि ‘मामा, ऐकू येतंय का?’ असे म्हणण्यासाठी त्याने माइक लावला मात्र, विमान, गोळीबार, गाडी आणि मी असे सगळेच जुन्या लँडलाइनच्या रिसीव्हरमधून बोलू लागलो. डावे-उजवे संपले. ज्या पावलांसाठी एवढे पैसे मोजले ती पावले कोणत्या बाजूची, हे सांगायला कोणी उरले नाही.

दोष या एका जोडीचा नाही, व्यवस्थेचा आहे; जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालणाऱ्या कोणत्याही इअरबड्सवर हेच होते, मग ते बाराशेचे असोत की बारा हजारांचे. ‘चार माइक’ हा दावा खरा धरला तरी ते चारही माइक याच अरुंद गल्लीतून जातात. एलई ऑडिओ नावाची नवी व्यवस्था आणि तिचा एलसी३ हा कोडेक, म्हणजे आवाज आवळून पाठवण्याची पद्धत, यावर उतारा आहे, पण तो फोन आणि इअरबड्स या दोघांतही असावा लागतो, आणि माझ्या दोन्ही बिनतारी जोड्यांत तो नव्हता. यावर साधा उपाय असा की बोलण्यासाठी इअरबडचा माइक न वापरता गेममधला माइक बंद ठेवावा आणि खुणांवर भागवावे. पण मग मित्रांसोबत खेळण्यातली निम्मी मजा जाते, आणि सोळा वर्षांच्या मुलाला हे सांगून पाहावे.

दुसऱ्या जोडीचा डोंगल ब्लूटूथला वळसा घालून स्वतःच्या बिनतारी जोडणीवर चालतो, त्यामुळे माइक लावल्यावरही तिचा आवाज स्टिरिओच राहिला. तांत्रिकदृष्ट्या ती या चौघींत बिनतारींची राणी आहे. व्यवहारात मात्र फोन आडवा धरला की डोंगल बरोबर उजव्या तळहाताच्या मांसल भागात रुततो. अर्ध्या तासाने तिथे चौकोनी वळ उठतो. चार्जिंगची खाच त्याने अडवलेली असल्यामुळे बॅटरी वीस टक्क्यांवर आली की खेळ थांबवावा लागतो. आणि नखाएवढी ती वस्तू लोकलमध्ये एकदा निसटली तर २,९९९ रुपयांची जोडी १,२९९ रुपयांच्या जोडीसारखीच वागू लागते.

तिसऱ्या जोडीवर फार लिहिण्यासारखे नाही. ७९९ रुपयांत दांडीचा माइक मिळतो आणि तो खरोखर उत्तम आहे, बोलणे स्पष्ट जाते. पण आवाज इतका ढोबळ की तो बोलण्यापुरताच वापरावा. वायर शर्टाला घासली की कानात खरखर होते. शाळेच्या ऑनलाइन वर्गासाठी घ्यावी.

दिशेच्या चाचणीसाठी आम्ही खेळातल्या एरँगल या नकाशावर अगदी कडेच्या, सहसा कोणी उतरत नाही अशा घरात उतरलो. मी डोळे मिटून बसायचे, भाच्याने माझ्याभोवती धावायचे आणि मध्येच थांबायचे, मी बोटाने दिशा दाखवायची. डावे-उजवे चारही जोड्यांवर बिनचूक आले. कारण उघड आहे : दोन कानांत पोहोचणाऱ्या आवाजाच्या वेळेत आणि जोरात जो फरक असतो तो गेमच तयार करून पाठवतो, आणि स्वस्तातला इअरफोनही तो जसाच्या तसा पुढे देतो. पुढे-मागे मात्र चारही जोड्यांवर चुकले. प्रत्यक्षात पुढचा आवाज आणि मागचा आवाज आपल्या कानाच्या पाळीच्या वळणांवरून वेगवेगळे रंगून आत येतात. कानाच्या आतच बसलेल्या इअरफोनला पाळी भेटतच नाही. ‘७.१ सराउंड’ लिहिलेल्या पहिल्या जोडीतही दोन कानांना मिळून ड्रायव्हर दोनच आहेत, आणि तिचा सराउंड लावल्यावर घरातली पावले न्हाणीघरातून आल्यासारखी घुमू लागली, एवढाच फरक. खेळाडू यावर स्वतःच तोड काढतात : आवाज आला की नजर थोडी डावीकडे-उजवीकडे फिरवायची, आवाज कोणत्या कानाकडे सरकतो त्यावरून पुढचा की मागचा ते कळते.

खरा फरक गोळीबार सुरू असताना पडला. पहिल्या जोडीत खर्ज इतका चढवलेला आहे की ग्रेनेड फुटल्यावर खुर्ची हलल्यासारखी वाटते, आणि पहिल्या दिवशी ते आवडतेही. पण जोरदार खर्जाचा आवाज त्याच्या वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना झाकून टाकतो, हा कानाचाच स्वभाव आहे. शेजारून जीप गेली की तिच्या घरघरीत लाकडी जिन्यावरची पावले पार बुडायची. चौथ्या जोडीत त्याच जीपच्या घरघरीखाली पावले बारीक, पण वेगळी ऐकू आली. पायरीवरचे पाऊल आणि फरशीवरचे पाऊल यांतला फरकसुद्धा कळला. तिचा ड्रायव्हर दहा मिलिमीटरचा आहे, पहिलीचा तेरा. मिलिमीटरवरून काही ठरत नाही. तो कसा जुळवला आहे त्यावरून ठरते.

चौथी जोडी निवडायची असे मनात पक्के होत आले तेव्हा भाच्याच्या फोनला ३.५ मिलिमीटरची खाचच नाही हे लक्षात आले. पदपथावरून दीडशे रुपयांचा यूएसबी-सी जोडक घेतला, आणि त्यातून आवाजच येईना. त्या जोडकात आकड्यांचा आवाज करणारी चिप, म्हणजे डीएसी, नव्हती. तो केवळ तारा जुळवून देत होता, आणि ज्या फोनमध्ये त्या खाचेतून थेट अॅनालॉग आवाज बाहेर काढण्याची सोय नसते तिथे असा जोडक मुका राहतो. डीएसी असलेला जोडक साडेपाचशेला मिळाला आणि काम झाले. म्हणजे चौथ्या जोडीची खरी किंमत २,१४९ रुपये धरावी. हा जोडकही खाच अडवतो, हे मान्य. पण तो आखूड वायरीचा असल्यामुळे तळहाताखाली वळवता येतो. वायर कानावरून मागे घ्यायची पद्धत असल्याने खरखर जवळजवळ नाही, आणि वायर खराब झाली तर तेवढीच काढून नवी लावता येते. बिनतारी इअरबडमधली चिमूटभर बॅटरी वर्ष-दोन वर्षांत दमली की ती बदलून देणारा या किमतीत मला कोणी भेटलेला नाही.

बाहेरचा आवाज अडवण्याची परीक्षा घेण्यासाठी मला वेगळे काही करावे लागले नाही, कारण मी चिंचपोकळीत राहतो आणि मधेच गणपती आले. सिलिकॉनच्या टोप्या योग्य मापाच्या असतील तर माणसांचे बोलणे, झांजा, हॉर्न हे बऱ्यापैकी अडतात. ढोल अडत नाही, कारण खालच्या पट्टीचा आवाज अशा बुचाला जुमानत नाही. पहिल्या जोडीतली आवाज रद्द करण्याची सोय पंख्याची किंवा लोकलची सलग घरघर कमी करते, पण ढोलाच्या टिपरीपुढे तिचे काही चालत नाही. टोपीचे माप महत्त्वाचे अशासाठी की फट राहिली की माणूस आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला चाळीस तास, ८० डेसिबल अशी मर्यादा सुचवलेली आहे आणि मुलांसाठी ७५. लोकलच्या डब्यात गळक्या टोपीने खेळणारा ती कधी ओलांडतो हे त्यालाही कळत नाही. चौथ्या जोडीत तीन मापांच्या टोप्या आल्या होत्या आणि भाच्याला सर्वांत लहान बसली. ती इतकी घट्ट बसते की ‘पुढील स्टेशन’ ऐकू येत नाही, आणि तो एकदा दादर सोडून परळला उतरला आहे. रूळ किंवा रस्ता ओलांडताना दोन्ही कानांतून काढायचे, ही अट मी भेटीसोबतच घातली.

सहाव्या आठवड्यात पहिल्या जोडीचा डावा इअरबड चार्ज होईना. डबीतल्या सोनेरी टाचण्यांवर हिरवट थर चढला होता. आमच्या हवेत आणि घामात हे होणारच, आयपीएक्स४ म्हणजे शिंतोड्यांपासून संरक्षण, घाम लागलेलाच इअरबड डबीत ठेवण्याची परवानगी नव्हे. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून उपयोग झाला नाही. वॉरंटीत बदलून मिळाला, पण तीन फोन, दोन फोटो आणि अकरा दिवस गेले. याच घामाने स्पर्शाची बटणेही आपोआप दबतात, आणि तीन टिचक्या मोजल्या गेल्या की गेम मोड चालू होतो.

भाच्याला मी चौथी जोडी जोडकासकट दिली. दिवे नाहीत म्हणून पहिले दोन दिवस तो थोडा नाराज होता. तिसऱ्या दिवशी जिन्यावरून रश करणाऱ्या दोघांना त्याने दाराआड थांबून टिपले आणि त्यानंतर दिव्यांचा विषय निघालेला नाही. ज्याला केवळ प्रवासात, एकट्याने, बोलणे-चालणे न करता खेळायचे आहे त्याला पहिल्या जातीची जोडी बाराशेत पुरेशी आहे, फक्त त्याने गेमिंग या शब्दासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. दुसरी मी परत केली.

पहिली सध्या आईकडे आहे. दुपारी ती त्यांवर कीर्तन ऐकते, आणि पदर सावरताना हात लागला की अभंगाच्या मधोमध एक इंग्रजी बाई ठसक्यात ‘गेम मोड ऑन’ म्हणते. कीर्तनकाराला काही फरक पडत नाही.